पत्र्यावरची अक्षरं, मागावरचे मोर आणि माझं शेवटचं वर्ष

कांडीवाली

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथे नुसती वाचत बसलेय, आज पहिल्यांदा स्वतःचा धागा काढतेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी बेळगावची, त्यातही वडगावची. दृश्यकला पदवीच्या, म्हणजे बीव्हीएच्या, चौथ्या वर्षाला आहे. विषय उपयोजित कला. कॉलेज धारवाडच्या बाजूला, त्यामुळे आठवडाभर तिकडे हॉस्टेलवर आणि शनिवारी रात्री घरी. घरात चार यंत्रमाग आहेत. बाबा साड्या विणतात, आई कांड्या भरते, सुट्टीत मीही भरते, म्हणून हे नाव. आमच्या गल्लीत नवा पाहुणा आला की त्याला वाटतं सगळे एकमेकांशी भांडताहेत. भांडण नसतं हो, मागाच्या खडखडाटावरून बोलायची सवय असते. हॉस्टेलवर पहिला महिनाभर मला सगळ्या जणी "अगं हळू बोल" म्हणायच्या.

शेवटच्या वर्षाला एक मोठं काम करायचं असतं आणि त्याच्यासोबत 'माझ्या प्रेरणा' असं दोन पानी टिपण द्यायचं असतं. वर्गात बऱ्याच जणांनी व्हॅन गॉग आणि पिकासो लिहून विषय मिटवला. मीही आधी तेच लिहिलं होतं. परत वाचताना माझं मलाच हसू आलं. व्हॅन गॉगचं मूळ चित्र मी एकही पाहिलेलं नाही, जे बघितलं ते मोबाइलच्या काचेवर. रोज डोळ्यांसमोर होतं ते वेगळंच.

एक म्हणजे जाकार्डची कार्डं. मागाच्या डोक्यावर जाकार्ड, म्हणजे नक्षी उठवणारं यंत्र, बसवलेलं असतं, त्यातून पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. भोक असेल तिथे ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. काठावरचा मोर आधी ग्राफ पेपरवर रंगवलेले चौकोन असतो, मग कार्डावरची भोकं, आणि शेवटी धागा. मी सहावीत असताना एका कार्डावर एक भोक जास्तीचं पडलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. साडी उतरवली तर काठावरच्या प्रत्येक मोराच्या गळ्याला गाठ. एका-दोघांच्या नाही, अख्ख्या साडीभर. बाबा काही बोलले नाहीत, साडी आत्याला देऊन टाकली. आत्या ती अजून नेसते आणि 'गलगंडवाले मोर' म्हणून दाखवते. एका ठिपक्याची किंमत मला तेव्हा कळली. पुढे कॉलेजात पिक्सेल शिकवायला लागले तेव्हा मला त्यात नवीन काही वाटलं नाही.

दुसरे पेंटरमामा. नात्यातले नव्हेत, गल्लीतले. घरी कानडी बोलतात, शिकले मराठी शाळेत, आणि पस्तीस वर्षं दोन्ही भाषांतले बोर्ड लिहिले. किराणा, सायकल दुरुस्ती, दवाखाना, सोसायटी, मंडळं, काय म्हणाल ते. फ्लेक्स आला आणि काम आटलं. आता गाड्यांचे नंबर, देवळातल्या देणगीदारांची नावं आणि गणपतीच्या आधी मंडळांचं थोडंफार, एवढंच.

गेल्या दिवाळीत एका किराणावाल्याने हट्टाने पत्र्याचा बोर्ड करायला दिला, फ्लेक्स दोन पावसाळ्यांत फाटतो म्हणून. मी दोन दिवस शेजारी बसून राहिले. पत्रा पॉलिश पेपरने घासायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, वाळला की लांबी (पुट्टी) भरायची, परत घासायचं, मग पिवळ्या इनॅमलचे दोन हात. निम्मा वेळ यातच जातो. नंतर खडूच्या पुडीतून ओढलेली दोरी. एक टोक माझ्या हातात, दुसरं मामांच्या; मध्ये चिमटीत धरून सोडली की टण्णकन पत्र्यावर पांढरी रेघ.

वर कानडी ओळ, खाली मराठी. मला वाटलं दोन्हींना सारख्या पट्ट्या आखतील. मामांनी कानडी ओळीच्या वर जेमतेम बोटभर जागा सोडली आणि खाली चार बोटं. मराठीच्या वर आणखी तीन बोटं. म्हटलं, मध्ये एवढी मोकळी जागा कशाला? म्हणाले, "कानडी अक्षराचं पोरगं खाली लोंबकळतंय, मराठीचं डोस्क्यावर बसतंय. दोघांची पोरं एका जागेत घातलीस तर भांडणार की गे."

ज्यांना कानडी येत नाही त्यांच्यासाठी सांगते. 'अक्का' हा शब्द दोन्हीकडे आहे. मराठीत दोन क शेजारी-शेजारी उभे राहतात. कानडीत दुसरा क पहिल्याच्या पायाखाली जातो, त्याला ओत्तक्षर म्हणतात. आपल्या वेलांट्या, मात्रा, रफार सगळं शिरोरेषेच्या वर. म्हणजे कानडी ओळ वर आणि मराठी खाली घेतली की दोघांचं सामान मधल्याच पट्टीत येतं. तीन वर्षं मी टायपोग्राफीचा पेपर दिला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरे, शिवजयंतीचे चित्ररथ. थर्माकोलचा दगड कसा करायचा ते मी तिथे शिकले. यावर जास्त लिहीत नाही. बेळगावकरांना माहीत आहे, बाकीच्यांना एकदा वैशाखात येऊन रात्रभर रस्त्यावर उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

तर माझं काम असं आहे. वडगाव, शहापूर, खडेबाजार, गणपत गल्ली इथले हाताने लिहिलेले शंभरावर बोर्ड मी फोटो काढून, टेपने मोजून नोंदवलेत. त्यातल्या मामांच्या बोर्डांवरून एक देवनागरी आणि एक कन्नड असा जोडीचा फॉन्ट करायचा आहे. मार्गदर्शक सर म्हणतात, एकच भाषा घे, नाहीतर दोन्ही अर्धवट राहतील. वेळेचा हिशेब केला तर सर चुकीचं सांगत नाहीत. पण विषय मांडला त्या दिवशी समोर बसलेले दुसरे एक जण हसत म्हणाले, "दोन्ही केलंस तर दोन्हीकडचे रागावतील." ते मात्र लागलं.

पुढचंही विचारायचं आहे. मला सीड, म्हणजे डिझाइनची प्रवेश परीक्षा, देऊन एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) करायचं आहे, जमलं तर आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात. मैत्रिणी पुण्यात नोकरी धरताहेत. आई म्हणते शिक्षिका हो, सुट्ट्या असतात. बाबा म्हणतात साडीचं डिझाइन कॉम्प्युटरवर करायला शिक, घरचंच काम आहे. चौघांचंही मला पटतं, हीच अडचण आहे.

कुंदा_अर्धा_किलो

तीन वर्षं गप्प बसून एकदम असला धागा? स्वागत आहे. 'डोस्क्यावर बसतंय' वाचून मला आमचे शेजारीच दिसले. गलगंडवाल्या मोरांचा फोटो पाहिजे.

धूळपाटी

मी निपाणीकडचा, एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला माणूस. लोअर आणि हायर ग्रेडच्या परीक्षांना किती पोरं बसवली त्याची गणती नाही. लेखन आवडलं म्हणून दोन गोष्टी स्पष्ट बोलतो.

पहिली. व्हॅन गॉग खोडलात, बरं केलंत. पण मग बेळगाव एवढ्यावरच संपवू नका. चित्रकार के. बी. कुलकर्णी हे नाव तुमच्या टिपणात नाही. बेळगावात बसून, चित्रमंदिर या आपल्या कलासंस्थेतून, त्यांनी जी माणसं घडवली त्यात रवी परांजपे होते. परांजप्यांचा जन्म १९३५ चा, बेळगावचाच. पुढे जाहिरातक्षेत्र, काही वर्षं नैरोबी, मग पुणे. २०२२ साली गेले. तुमचा विषय उपयोजित कला, म्हणून मुद्दाम सांगतो: इलस्ट्रेशनची कामं करत असताना या माणसाने रेखाटन सुटू दिलं नाही. त्यांची इमारतींची चित्रं बघा, त्यातल्या झाडांच्या सावल्या बघा.

आणि एक दिवस कोल्हापूरला जाऊन या. टाउन हॉलच्या संग्रहालयात आबालाल रहमान आहेत. जे. जे. त शिकलेला, शाहू महाराजांच्या पदरी असलेला चित्रकार कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून पाणी रंगवत बसला. मूळ चित्र बघितलं नाही म्हणालात ना? निपाणीहून एसटीने तासाभराचं काम आहे.

दुसरी गोष्ट शिक्षकीची. तुमच्या मातोश्रींना नमस्कार सांगा, पण सुट्ट्या दिसतात तशा नसतात. मी निवृत्त झालो त्या जागेवर पुन्हा चित्रकलेचा माणूस आलाच नाही, माझे तास गणिताला गेले. शिवाय महाराष्ट्रातल्या शाळेत जायचं म्हणाल तर तिकडे एटीडी (कलाशिक्षक पदविका) किंवा तसली पात्रता विचारतात. शिकवायची हौस असेल तर जरूर या, पण सोय म्हणून येऊ नका.

रफार

मुंबईत अक्षरांचंच काम करतो, फॉन्ट करणाऱ्या एका छोट्या गटात. हा धागा मला कुणीतरी पाठवला. जरा तांत्रिक लिहितो, चालवून घ्या.

कांडीवाली, पूर्ण फॉन्टच्या नादी आत्ता लागू नकोस. जोडाक्षरं धरून देवनागरीला शेकडो आकार काढावे लागतात, कन्नडलाही तेच. एका वर्षात एकट्या विद्यार्थिनीने दोन्ही पुरे करायचे म्हटलं तर सरांचं खरं ठरेल. पण म्हणून एक लिपी सोडायची गरज नाही. दोन्हींची मोजकी अक्षरं घे, एक बोर्ड लिहिता येईल एवढीच. 'किराणा', 'दवाखाना', 'वडगाव', 'बेळगाव' हे शब्द दोन्हीकडे लिहून दाखवता आले की काम उभं राहतं. परीक्षकाला बाराखडी नको असते, त्याला तुझा विचार दिसला पाहिजे. तुझा विचार त्या मधल्या सात बोटांच्या पट्टीत आहे. जोडीचे फॉन्ट करणारे भले भले तिथेच अडकतात. देवनागरी कन्नडच्या मापाला बसवली की बुटकी होते, आणि उलट केलं की कन्नड गोल गोल फुगून बसतं.

आणखी काही गोष्टी. फोटोवरून ऑटो-ट्रेस करू नकोस. इनॅमल ओघळलेला असतो, पत्रा वाकलेला असतो, ते सगळं अक्षराच्या अंगाला चिकटतं. फोटो खाली ठेव आणि वर स्वतःच्या हाताने बिंदू मांड, कमीत कमी. तू ग्राफ पेपरवर वाढलीस, तुला ते जमेल. फॉन्टफोर्ज फुकट आहे, मॅक नसेल तर त्याच्यावर सुरुवात कर. मराठी वळणाचे ल आणि श घे, हिंदी वळणाचे नको. मामा अर्थातच मराठी वळणाचे काढत असणार. ळ जपून कर. तुमच्या गावाच्या नावातच तो आहे, दोन्ही लिप्यांत.

बघायला म्हणून 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या गटाचा 'बलू' हा फॉन्ट घे. त्याच्या कन्नड भावंडाचं नाव बलू तम्मा, तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. दोघे शेजारी ठेवून जाडी आणि पोटं बघ. आणि आर. के. जोशी वाचायला घे. मंगल हा त्यांचा फॉन्ट विंडोजबरोबर घरोघरी गेला, पण माणूस मुळात सुलेखनकार होता, आयडीसीत शिकवायचा. तू जिथे जायचं म्हणतेस तिथलीच परंपरा आहे ही.

धूळपाटी

रफार यांनी चांगलं सांगितलं. एक शंका. पेंटरचा हात ओघळतो, थरथरतो, तेच तर त्याचं अक्षर ना? तुम्ही बिंदू मांडून ते इस्त्री केल्यासारखं गुळगुळीत केलं की मामा कुठे उरले? मग बाजारातल्या फॉन्टने काय घोडं मारलं होतं?

रफार

सर, थरथर आणि ओघळ वेगळे. थरथर हाताची, ओघळ रंगाचा. पहिली ठेवायची, दुसरा काढायचा. आता कुठली कुठली हे ओळखायला मात्र शेजारी बसावंच लागतं, ते तिने केलंय.

हिंडलगेकर

सगळं छान आहे, पण मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. २०२४ पासून बोर्डावर साठ टक्के कन्नड पाहिजे असा कायदा झालाय. तुझा जोडीचा फॉन्ट लावायचा कुठे? मराठी ओळ उरणार किती इंचांची? आधी आमची...

(पुढचा मजकूर काढला आहे. — संपादक)

संपादक

सीमाप्रश्नावर इथे चार धागे चालू आहेत, तिकडे मनसोक्त लिहा. इथे एका मुलीच्या अभ्यासाबद्दल बोलणं चाललं आहे.

कांडीवाली

हिंडलगेकरकाका, तुमचा राग मला घरात रोज ऐकू येतो, मागाच्या आवाजावरून सुद्धा. मी त्यातून सुटलेय असं म्हणत नाही. माझी शाळा मराठी होती. कॉलेजात कलेच्या इतिहासाचा पेपर कन्नडमध्ये लिहिता येत नाही म्हणून मी तो इंग्रजीत लिहिते, आणि दोन्ही भाषा बाजूला ठेवून तिसऱ्याच भाषेत अजंठ्याबद्दल लिहिताना कसं वाटतं ते मला माहीत आहे.

पण साठ-चाळीस म्हटलं की मला आधी मांडणीच दिसते, त्याला काय करू? चाळीस टक्क्यांत मराठी ओळ नीट वाचता आली पाहिजे, तर शिरोरेषा किती जाड, काना किती जवळ, हे कुणीतरी बसून सोडवायला हवं. नाहीतर काय होतं ते खडेबाजारात फिरून बघा: कन्नड नीट टाइप केलेलं असतं आणि मराठी खाली दाबून, आडवी ताणून, एखादा रफार चुकीच्या अक्षरावर बसवून ढकललेली असते. हे कायद्यामुळे होत नाही. फ्लेक्सवाल्याकडे मराठीचा एकच फॉन्ट असतो, म्हणून होतं.

सहलीला श्रवणबेळगोळला गेलो होतो तेव्हा बाकीची मुलं वर गोमटेश्वराच्या मूर्तीकडे बघत होती आणि मी पायाशी वाकून बसले होते. 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही ओळ तिथे नागरीत आहे, मराठीतल्या जुन्यात जुन्या कोरीव ओळींत ती मोजतात. त्याच पायांशी तीच गोष्ट कन्नडमध्ये आणि तमिळमध्येही कोरलेली आहे. कोरणाऱ्याने कुणाला किती टक्के जागा दिली ते मोजायला माझ्याकडे टेप नव्हती. ती नेहमी पर्समध्ये ठेवायची सवय मला त्या दिवसापासून लागली.

धूळपाटी सर, के. बी. कुलकर्णींचं नाव माझ्या टिपणात नव्हतं याची लाज वाटली. घातलं. पुढच्या रविवारी कोल्हापूर.

खानापूरवाला

आमच्या खानापूरकडचं हलशी विसरू नका. कदंब राजांचे ताम्रपट तिथे सापडलेले, कन्नड लिपीचं मूळ शोधत मागे गेलात की ती कदंबांची अक्षरं वाटेत भेटतातच. आणि खानापूरला खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाची संस्था आहे, मातीत अक्षर थापून बघायचं असेल तर. बाकी फॉन्टातलं मला कळत नाही.

पुण्यातली_बेळगावकरीण

मी अनगोळची, सहा वर्षं पुण्यात जाहिरात कंपनीत. तुझ्या मैत्रिणी नोकरी धरताहेत म्हणालीस, म्हणून आतली गोष्ट सांगते. पहिले आठ महिने मी दिवाळी ऑफरचे बॅनर केले. नुसते बॅनर. एकाच पणतीची चाळीस मापं. मराठी मजकूर यायचा तो भाषांतर होऊन, आणि जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधून उचलून दुसरीकडे टाकला की अक्षरांची भाजणी व्हायची. ते दुरुस्त करणारी अख्ख्या ऑफिसात मी एकटी, कारण बाकीच्यांना 'र्‍या' आणि 'र्या' यातला फरकच दिसत नव्हता. 'दर्‍या' आणि 'दर्या' एकच समजून एका ट्रेकिंग कंपनीचं पोस्टर छापायला निघालं होतं, मी अडवलं. त्या दिवशी पगारवाढ झाली नाही, पण मराठीचं काम माझ्याच टेबलावर येऊ लागलं.

माझं मत: दोन्ही कर. सीडची परीक्षा साधारण जानेवारीत असते, अर्ज ऑक्टोबरच्या आसपास सुरू होतात. तुझी पदवी चार वर्षांची, त्यामुळे शेवटच्या वर्षातच बसता येईल. दुसऱ्या भागात हाताने रेखाटायचं असतं, म्हणजे धूळपाटी सर म्हणतात ते इथेही सुटत नाही. मिळालं तर जा. नाही मिळालं तर वर्षभर पुण्यात ये, राहायची सोय मी बघते. पोर्टफोलिओत पणत्या टाकू नकोस, दोरी मारतानाचा फोटो टाक.

हो, आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या कॉलेजचा विचार झालाच तर माहितीपुस्तिकेत सीमाभागातल्या, महाराष्ट्र दावा सांगतो त्या, ८६५ गावांसाठी काही सवलत आहे का ते आधी वाच. मी वाचलं नव्हतं, कागद गोळा करायला धावपळ झाली, तारीख निघून गेली. कुणाची चूक ते जाऊ दे.

ताणाबाणा

आम्ही खासबागचे, आमच्याकडे सहा माग. बाबांचं म्हणणं एवढ्यात बाजूला सारू नकोस. माझा धाकटा भाऊ साडीची डिझाइनं कॉम्प्युटरवर करतो. आधी ग्राफ काढणारा कारागीर एका काठाला आठवडा घ्यायचा, आता दोन दिवसांत होतं. पण भावाची गोची अशी की त्याला कॉम्प्युटर येतो, चित्र येत नाही. तेच दोन मोर आणि तोच आंबा, उलटसुलट फिरवून देतो. व्यापारी म्हणतो नवीन काढ. नवीन आणायचं कुठून? तुझ्यासारखी कुणी आली तर गल्लीत काम आहे. पैसे किती ते विचारू नकोस. साडी खपली तर मिळतात, नाही खपली तर व्यापारी फोन उचलत नाही.

कांडीवाली

ताणाबाणा, तुमचं वाचून रात्री बाबांना दाखवलं. ते 'बघ' एवढंच म्हणाले आणि माग बंद करून झोपायला गेले. आमच्याकडे माग बंद करून बोलणं म्हणजे गंभीर प्रकरण.

कांडीवाली

पाच आठवड्यांनी परत आलेय. थोडं सांगायचं आहे.

कोल्हापूरला जाऊन आले. आबालालांची चित्रं वाटली त्यापेक्षा लहान निघाली. एका चित्रासमोर वीस मिनिटं उभी राहिले तर राखणदाराने स्टूल आणून दिलं. मोबाइलवर तो हिरवा रंग दिसतच नव्हता.

सरांना रफार यांचा सल्ला माझा म्हणून सांगितला (माफी असावी). दोन लिप्या, मोजके शब्द, एक बोर्ड. सर तयार झाले. दुसरे जण या वेळी हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत.

सीडचा अर्ज भरलाय.

खरी गोष्ट मामांची. मी काढलेली अक्षरं मोठ्या कागदावर छापून त्यांच्याकडे घेऊन गेले. देवनागरी एका बाजूला, कानडी दुसऱ्या. त्यांनी चष्मा पुसला, कागद दारात उजेडाला धरला आणि बराच वेळ गप्प. मला वाटलं आवडलं. मग बोट ठेवून म्हणाले, "हा ळ कुणाचा?"

म्हटलं, तुमचाच. शहापूरच्या दवाखान्याच्या बोर्डावरचा.

"माझा नव्हं. त्या दिवशी ब्रशचे केस गेले होते. पोट बघ कसं सुटलंय त्याचं."

मी त्या ळ वर तीन रात्री घालवल्या होत्या. प्रत्येक बाक जपला होता, हीच मामांच्या मनगटाची खूण म्हणून. धूळपाटी सर आणि रफार यांची ती चर्चा डोक्यात होतीच, थरथर आणि ओघळ. ब्रशचे केस गेलेले असतील हा तिसरा प्रकार कुणालाच सुचला नव्हता. मी विचारलं, मग खरा कुठला? मामांनी खडू घेतला आणि फरशीवर पाच ळ काढले, एकाखाली एक. पाचही वेगळे. शेजारी कानडी ळ पाच. तेही वेगळे. स्वतःच वाकून बघितलं आणि हसले. "दुकान कुठलं त्याच्यावर हाय. डॉक्टरला बारीक, मटणाच्या दुकानाला जाड. तू कुठल्या दुकानासाठी करूलायस?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. फॉन्ट म्हणजे सगळ्या दुकानांसाठी एकच, असं मी धरून चालले होते. रफार, एका अक्षराचे दोन-तीन पर्याय फॉन्टात ठेवता येतात ना, संदर्भाप्रमाणे बदलणारे? ळ साठी तसं करायचं म्हणतेय, दोन्ही लिप्यांत. दवाखान्याचा आणि मटणाचा.

रफार

ठेवता येतात. बारीक आणि जाड म्हणालीस तर वजनंच वेगळी कर, पण ळ पुरते पर्याय ठेवायची कल्पना मला जास्त आवडली. फरशीचा फोटो काढलास का?

कांडीवाली

काढला. मामींनी लगेच पुसलं, संध्याकाळची दिवाबत्ती होती.

रविवारी मामांनी बोलावलंय. देवळातल्या देणगीदारांची नावं लिहायची आहेत, एकोणीस नावं, काही मराठीत काही कानडीत, ज्याने जशी सांगितली तशी. म्हणाले शिरोरेषा तू ओढ, पण शेवटी. आधी ओढली की अक्षरं तिला टांगल्यासारखी दिसतात. हात टेकायची काठी आणि सहा नंबरचा ब्रश स्वतःचा आण, माझा देणार नाही.

धूळपाटी

ब्रश नवा आणू नका. आठवडाभर वापरलेला आणा.

कुंदा_अर्धा_किलो

ते सगळं होईल गे. मोरांचा फोटो टाक की आधी.